घसारा दहाने वाढला, तर?

मूल्यांकन करणाऱ्या फर्मांमध्ये नव्या अॅनालिस्टची भरती सुरू झाली, की मुलाखती घेणाऱ्या वरिष्ठांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : मुलांना काही येत नाही. बी.कॉम. आहेत, एमबीए आहेत, सीए झालेत, सीएफएच्या एक-दोन लेव्हल पार केल्यात. पण डीसीएफ, म्हणजे पुढच्या रोख प्रवाहांवरून आजचं मूल्य काढण्याची पद्धत, सांगा म्हटलं की चाचपडतात. बीटा या जोखमीच्या मापाची व्याख्या सांगतात, तो अनलिव्हर करायला, म्हणजे त्यातून कर्जाचा परिणाम वगळायला, सांगितला की गप्प होतात. या तक्रारीवरचा उपायही ठरलेला असतो. मुलाखत आणखी कडक करा, प्रश्न वाढवा, एक फेरी जास्त घ्या.

तक्रार अगदीच खोटी नाही. उपाय मात्र पुरता चुकलेला आहे. आज ज्या पद्धतीची मुलाखत सर्रास घेतली जाते, तिच्यातून मूल्यांकनाचं काम कोणाला जमेल हे कळतच नाही. कोणी कुठली प्रश्नावली घोकली आहे, एवढंच कळतं. ती आणखी कडक केली, तर मुलं आणखी घोकतील. आणि ज्यांना मुलाखतीचा क्लास लावणं परवडत नाही, ज्यांच्या कॉलेजात या क्षेत्रातला एकही माजी विद्यार्थी नाही, ती आणखी मागे पडतील.

घसाऱ्याचाच प्रश्न घ्या. 'घसारा दहा रुपयांनी वाढला, तर तिन्ही पत्रकांवर काय परिणाम होईल?' अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँकांच्या मुलाखतींत रुळलेला हा प्रश्न आपल्याकडेही आता पाठच झाला आहे. अपेक्षित उत्तर असं : कर २५ टक्के धरा. करपूर्व नफा दहाने कमी, कर अडीच रुपयांनी कमी, निव्वळ नफा साडेसात रुपयांनी कमी. रोख प्रवाह पत्रकात साडेसातची घट घ्या, घसाऱ्यात रोख बाहेर जात नाही म्हणून दहा परत मिळवा. रोख अडीच रुपयांनी वाढली. ताळेबंदात एका बाजूला मालमत्ता दहाने घटली आणि रोख अडीचने वाढली, दुसऱ्या बाजूला राखीव निधी साडेसातने घटला. दोन्ही बाजू जुळल्या. हे न अडखळता म्हणून दाखवणारा उमेदवार 'शार्प' ठरतो.

आता भारतातल्या खऱ्या कंपनीच्या हिशेबात हेच करून पाहू. कंपनीच्या पुस्तकातला घसारा कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाला धरून, मालमत्तेच्या उपयुक्त आयुष्यावरून काढला जातो. आयकराचा हिशेब वेगळा. तिथे मालमत्तांचे ब्लॉक असतात, प्रत्येक ब्लॉकला ठरलेला दर असतो आणि घसारा बहुतेक वेळा घटत्या शिलकीवर मिळतो. कंपनीने एखाद्या यंत्राचं आयुष्य पंधराऐवजी दहा वर्षं धरलं आणि त्यामुळे पुस्तकातला घसारा वाढला, तर आयकर खात्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. भरायचा कर होता तेवढाच राहतो. बदल होतो तो डिफर्ड टॅक्समध्ये, म्हणजे पुढे ढकललेल्या कराच्या नोंदीत : अडीच रुपये तिथे जमा पडतात, निव्वळ नफा साडेसातने घटतो आणि रोख प्रवाह पत्रकात साडेसातची घट, दहाची भर आणि अडीचची वजावट होऊन रोखीतला बदल येतो शून्य. ताळेबंदही जुळतो, मालमत्ता दहाने कमी, डिफर्ड टॅक्सची देणी अडीचने कमी, राखीव निधी साडेसातने कमी.

म्हणजे ज्या उत्तरावर निवड होते, ते उत्तर इथल्या कंपनीला जसंच्या तसं लागूच पडत नाही. ते एका गृहीतकावर उभं आहे : पुस्तकातला आणि करातला घसारा एकच. हे गृहीतक बहुतेकदा कोणी उच्चारत नाही. 'वाढलेला घसारा पुस्तकातला धरायचा की आयकरातला?' असं उलट विचारणाऱ्या उमेदवाराला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं काहीतरी कळलेलं आहे. पण समोरच्याच्या हातात उत्तरपत्रिका असेल आणि घड्याळ चालू असेल, तर हा उमेदवार 'गोंधळलेला' म्हणून बाद होतो. घोकणारा आत जातो, विचारणारा बाहेर राहतो. ज्या व्यवसायाचा पायाच गृहीतकं तपासणं हा आहे, तिथे हे घडावं ही फार गंभीर गोष्ट आहे.

असाच दुसरा लाडका प्रश्न : कोणत्या पद्धतीने मूल्य सर्वांत जास्त येतं? ठरलेलं उत्तर, पूर्वीच्या खरेदी-विक्री व्यवहारांवरून काढलेलं मूल्य. कारण त्यात नियंत्रणाची जादा किंमत धरलेली असते. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या मुंबईच्या कंपनीला हे उत्तर लावून पाहावं. एशियन पेंट्सचे सुमारे तीन टक्के समभाग बाळगून असलेली ही कंपनी. तिच्या समभागाचा बाजारातला भाव होता ३ रुपये ५३ पैसे. सेबीने २०२४मध्ये अशा गुंतवणूक कंपन्यांचा भाव ठरवण्यासाठी खास लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, एका दिवसात, तो भाव २,३६,२५० रुपयांवर गेला. तेव्हाचं दर समभागामागचं पुस्तकी मूल्य त्याच्याही दुपटीहून अधिक होतं. इथे सर्वांत जास्त मूल्य निव्वळ मालमत्तेच्या पद्धतीने येतं, बाजारभाव त्याच्या निम्म्याच्याही खाली राहतो. का राहतो? त्या मालमत्तेवर सामान्य भागधारकाचा हात पोहोचतो का? प्रवर्तक ती कधी विकतील का? विकली तर कर किती बसेल? साडेतीन रुपयांना कोणी विकायलाच तयार नव्हतं, मग त्या भावाला भाव म्हणायचं का? मूल्यांकनाचा सगळा अभ्यासक्रम या एका कंपनीत बसतो. वर्तमानपत्र वाचणारा कुठलाही वाणिज्य शाखेचा विद्यार्थी त्यावर वीस मिनिटं विचारपूर्वक बोलू शकेल. त्याला तशी संधी मात्र मिळायला हवी.

पाठ्यपुस्तकी प्रश्नांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, सूत्रं तरी यायला नकोत का? जरूर यावीत. पण सूत्रं येणं हा आता उमेदवारा-उमेदवारांतला फरकच राहिलेला नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाचे अश्वथ दामोदरन आपली व्याख्यानं सर्वांना फुकट उपलब्ध करून देतात आणि दर जानेवारीत देशोदेशींची जोखीम अधिमूल्यं, उद्योगवार बीटा अशी भलीमोठी आकडेवारी खुली करतात. चारशे-चारशे प्रश्नोत्तरांच्या संकलनांच्या प्रती कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. ज्याचं उत्तर सर्वांना उपलब्ध आहे, त्या प्रश्नाने निवड होत नाही. कोणाला ते आधी मिळालं आणि कोणी जास्त वेळा म्हणून पाहिलं, एवढंच मोजलं जातं.

मुळात नव्या अॅनालिस्टचं पहिलं वर्ष कशात जातं, हे पाहिलं पाहिजे. वार्षिक अहवाल उघडायचा आणि पाच वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये भरायचे. कॅपिटल आयक्यू, कॅपिटालाइन किंवा प्रोवेसवरून तुलनेच्या कंपन्यांची यादी काढायची आणि त्यातल्या खरोखर तुलनेच्या किती, हे ठरवायचं. क्लायंटने पाठवलेली पुढच्या पाच वर्षांची प्रोजेक्शन्स मागच्या पाच वर्षांशी ताडून पाहायची. न आलेली माहिती पुन्हा मागवायची, तीही समोरचा दुखावणार नाही अशा शब्दांत. रिपोर्टचा मसुदा लिहायचा. रिपोर्टातला आकडा आणि शीटमधला आकडा एकच आहे का, हे रात्री साडेदहाला पुन्हा एकदा बघायचं. अमेरिकी स्टार्टअपांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभाग-पर्यायांसाठी तिथल्या करकायद्याच्या कलम ४०९ए खाली जी मूल्यांकनं लागतात, त्यांचंही बरंच काम भारतात बसून होतं. त्यात तर अर्धा वेळ भागधारकांची यादी आणि प्रत्येक फेरीतल्या अटी तपासण्यात जातो.

यातलं किती मुलाखतीत तपासलं जातं? जवळजवळ काहीच नाही.

कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीचं मूल्यांकन करायचं आहे असं धरा. शिरोलीतला कारखाना, मालाचा मोठा भाग एकाच ट्रॅक्टर कंपनीला जातो. डेटाबेसमध्ये 'कास्टिंग' असा शब्द टाकला की पन्नास पट मोठ्या, निर्यात करणाऱ्या, डझनभर ग्राहक असलेल्या नोंदणीकृत कंपन्या समोर येतात. त्यांचा सरासरी गुणक या कारखान्याला लावला, तर आकडा सुबक दिसतो आणि पूर्णपणे चुकीचा असतो. इथे उपयोगी पडतो तो 'याचा ग्राहक एकच आहे, तो गेला तर काय?' हे विचारणारा माणूस. विजेचं बिल आणि भंगाराचा भाव प्रोजेक्शनमध्ये का वाढलेला नाही, हे ज्याच्या डोळ्यांत खुपतं असा माणूस. या गोष्टी प्रश्नावलीत नसतात. त्या हिशेबांच्या टिपा वाचण्याच्या सवयीत असतात, आणि ही सवय बाविसाव्या वर्षीही एखाद्यात असू शकते, चाळिसाव्या वर्षीही नसू शकते.

मोठमोठ्या नावांच्या चुका पाहिल्या, तरी हेच दिसतं. २०१६मध्ये टेस्लाने सोलरसिटी विकत घेतली. सोलरसिटीची सल्लागार असलेल्या लझार्ड या जगप्रसिद्ध बँकेच्या हिशेबात कंपनीचं काही कर्ज दोनदा वजा झालं होतं. त्यामुळे मूल्य ४० कोटी डॉलरपर्यंत कमी दाखवलं गेलं असावं, असं नंतर नियामकाकडे दिलेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. व्यवहार होता सुमारे २६० कोटी डॉलरचा. तिथल्या कोणालाही डीसीएफ म्हणजे काय ते सांगता आलं नसतं, असं नव्हे. हवा होता तो शीटमधल्या ओळी एकेक करून ताडून पाहणारा डोळा.

असा डोळा ज्येष्ठतेवर अवलंबून नसतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा सरकारी कर्ज आणि विकासदर यांवरचा निबंध जगभरच्या अर्थमंत्र्यांनी उद्धृत केला होता. त्यांच्या एक्सेल शीटमध्ये सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. २०१३मध्ये हे जगासमोर आणलं ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने. वर्गातल्या स्वाध्यायासाठी तो तोच निबंध पुन्हा मांडून पाहत होता, आकडे जुळेनात, म्हणून त्याने मूळ शीट मागवून घेतली आणि ती ओळीने वाचली. आपल्याकडच्या रॅपिड-फायर मुलाखतीत हा विद्यार्थी निवडला गेला असता की नाही, याचा भरवसा देता येत नाही. मूल्यांकनाच्या फर्मला मात्र त्याच्यासारख्याच माणसाची गरज असते.

आता कायद्याकडे पाहू, कारण या वादात कायदाही नवख्यांच्या बाजूने उभा आहे. कंपनी कायदा २०१३चं कलम २४७ आणि त्याखालचे २०१७चे नियम सांगतात की समभाग व आर्थिक मालमत्तेचा नोंदणीकृत मूल्यांकनकार होण्यासाठी सीए, सीएस, सीएमए किंवा वित्त विषयातल्या एमबीएसारखी पात्रता हवीच, शिवाय तीन वर्षांचा अनुभव हवा, त्यानंतर परीक्षा. म्हणजे सही करण्याइतका विवेक यायला वेळ लागतो, हे कायद्यानेच मान्य केलं आहे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत तर दोन स्वतंत्र मूल्यांकनकार नेमावे लागतात आणि दोघांच्या आकड्यांत फार तफावत पडली, तर तिसरा नेमण्याची तरतूद आहे. दोन अनुभवी, प्रामाणिक माणसं एकाच मालमत्तेचे दोन वेगळे आकडे देऊ शकतात, हे गृहीत धरूनच नियम लिहिले गेले. आणि त्याच व्यवसायाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडून एकच बरोबर उत्तर, तेही दहा सेकंदांत, मागितलं जातं.

त्यापेक्षा त्याला विचारावं : भांडवलाचा खर्च १२ टक्के, कायमस्वरूपी वाढीचा दर ५ टक्के, पुढच्या वर्षीचा रोख प्रवाह १०० कोटी, मूल्य साधारण १,४२९ कोटी येतं. क्लायंट म्हणतो, वाढ ६ टक्के धरा. आकडा १,६६७ कोटी होतो. एका टक्क्याने २३८ कोटी वाढले. आता क्लायंटला काय विचाराल? हे भागाकार कॅल्क्युलेटरवर कोणालाही येतात. 'काय विचाराल' याचं उत्तर मात्र कुठल्याही संकलनात तयार मिळत नाही. सहा टक्के म्हणजे वस्तूंच्या किमती वाढल्या म्हणून की माल जास्त विकला म्हणून? जास्त विकायचा तर कारखाना वाढवायला पैसा लागेल, तो या शंभर कोटींतून वजा झालाय का? उमेदवार इथपर्यंत पोहोचला, की त्याला मूल्यांकन कळतं.

मुलाखत घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा विश्वास असतो तो स्वतःच्या पारखीवर. 'पाच मिनिटांत कळतं' हे वाक्य अनेक पार्टनर अभिमानाने म्हणतात. या विश्वासाची तपासणी झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा फेरहिशेब मांडला. निवडीच्या वेळचा अंदाज आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध शून्य ते एक अशा मापावर मोजला, तर मनाला येईल तसे प्रश्न विचारत जाणाऱ्या मुलाखतीचा आकडा आला ०.१९. सर्वांना तेच प्रश्न, आधी ठरवलेल्या निकषांवर गुण, अशा आखीव मुलाखतीचा आला ०.४२, म्हणजे दुपटीहून अधिक. कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४०, कामाचा नमुना करून घेणं ०.३३.

याच आकड्यांवर बोट ठेवून कडक मुलाखतीचे समर्थक म्हणतील, बघा, ज्ञानाची चाचणी तर नमुन्यापेक्षा वर आहे. बरोबर आहे, आणि ती घ्यावीच. पण कामाच्या ज्ञानाची चाचणी म्हणजे त्या कामाला लागणारं ज्ञान, सर्वांना सारखे प्रश्न, सारखे गुण. एका पॅनेलने एकाला वॅक (भांडवलाचा भारित सरासरी खर्च) विचारला, दुसऱ्या पॅनेलने दुसऱ्याला मुंबईत पेट्रोल पंप किती ते विचारलं आणि संध्याकाळी दोघांची तुलना केली, याला ज्ञानाची चाचणी म्हणत नाहीत. पेट्रोल पंपांच्या जातीच्या कोड्यांबद्दल गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझलो बॉक यांनी २०१३मध्येच सांगून टाकलं होतं की त्यांतून काहीही कळत नाही. आपल्याकडे ती अजून चालू आहेत.

जेसन डेना, रॉबिन डॉझ आणि नॅथनिअल पीटरसन या संशोधकांचा २०१३चा प्रयोग तर प्रत्येक पॅनेलवाल्याने वाचावा. त्यांनी विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्यायला लावल्या आणि त्यांच्या पुढच्या गुणांचा अंदाज बांधायला सांगितलं. काही मुलाखतींत उत्तरं देणारा एका गुप्त नियमाने, प्रश्नाच्या अर्थाशी संबंध न ठेवता, हो किंवा नाही म्हणत होता. मुलाखत घेणाऱ्यांना ते कळलं नाही. समोरचा माणूस आपल्याला समजला, असंच त्यांना वाटत राहिलं. आणि नुसते जुने गुण पाहून बांधलेल्या अंदाजांपेक्षा मुलाखतीनंतरचे अंदाज कमी अचूक निघाले.

पारखीच्या नावाखाली आणखी एक गोष्ट आत शिरते, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तिला 'कम्युनिकेशन' म्हणतात. अमेरिकेतल्या बड्या बँका, सल्लागार कंपन्या आणि वकिली फर्मांतल्या भरतीचा समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी जवळून अभ्यास केला. २०१५चं त्यांचं 'पेडिग्री' हे पुस्तक त्यावरच आहे. मुलाखत घेणारे आपल्यासारखे छंद, आपल्यासारखं बोलणं, आपल्यासारखं वाढणं असलेल्यांना झुकतं माप देतात, हे त्यांनी दाखवलं. मुंबईत त्याचं रूप वेगळं, मूळ तेच. मराठी माध्यमातून शिकून इचलकरंजीहून आलेली मुलगी 'मला वाटतं' हे इंग्रजीत म्हणायला दोन सेकंद जास्त घेते आणि शेऱ्याच्या रकान्यात 'क्लायंटसमोर बसवता येणार नाही' असं लिहिलं जातं. तिच्या घरी यंत्रमाग असेल, तर सुताची उधारी किती दिवसांची, कापडाचे पैसे किती दिवसांनी येतात आणि मधल्या काळात व्याज कोण भरतं, हे तिने दहावीपासून पाहिलेलं असतं. खेळत्या भांडवलाचा हा धडा तिच्याइतका पॅनेलवरच्या कोणालाच ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे. तो तिला कोणी विचारत नाही.

रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो, क्लायंटशी इंग्रजीत बोलावं लागतं, हे खरंच आहे. मग लेखन तपासावं. एक परिच्छेद लिहून घ्यावा. मूल्यांकनाचा रिपोर्ट साध्या, काटेकोर इंग्रजीत लिहावा लागतो, त्यात उच्चाराला काही काम नसतं. पहिलं वर्षभर नव्या अॅनालिस्टला बहुधा क्लायंटसमोर बसवलंच जात नाही, हे पॅनेललाही माहीत असतं. दोन वर्षांनी लागणाऱ्या आणि दोन वर्षांत सहज शिकता येणाऱ्या गोष्टीवर आज कोणाला नाकारणं हा त्या मुलांवरचा उघड अन्याय आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप संख्येचा. जागा मोजक्या, अर्ज शेकड्यांनी. प्रत्येकाला तासभर कुठून देणार? हा आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर सध्याच्या पद्धतीत नाही. चाळणी लावायचीच, तर सर्वांना एकाच वेळी देता येईल अशी तासाभराची लेखी चाचणी लावावी : हिशेबाची मूलतत्त्वं, थोडी टक्केवारी, एक उतारा आणि त्यावरचे प्रश्न. कॉलेजच्या नावावर किंवा बारावीच्या टक्क्यांवर चाळणी लावली की वेळ वाचतो हे खरं, पण त्या वाचलेल्या वेळात गमावलं काय, हे कधी कळतही नाही. कारण नाकारलेली मुलं पुढे कशी निघाली, हे फर्म तपासत नाही.

दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. घरी नेऊन करायच्या केस स्टडीचं आता काय, ती चॅटजीपीटी करून देतं. अगदी खरं. म्हणूनच ती बंद करावी. तिच्यावर आणखीही एक आक्षेप आहे : शनिवार-रविवार खर्च करून बिनपगारी अख्खं मॉडेल बनवायला लावणं ही पिळवणूक आहे, आणि नोकरी सांभाळून दुसरी शोधणाऱ्या किंवा घरी आजारी माणूस असलेल्या उमेदवाराला ते शक्यच नसतं. पण घोकलेल्या प्रश्नांची उत्तरं तर हे यंत्र कोणाही माणसापेक्षा सफाईने देतं. यंत्राला जे सहज जमतं, तेच माणसात शोधत बसायचं, याला कारण उरलेलं नाही.

पर्याय फारसा अवघड नाही. ऑफिसमध्ये बोलवावं. एखाद्या मध्यम आकाराच्या नोंदणीकृत कंपनीच्या चार-पाच वर्षांपूर्वीच्या वार्षिक अहवालातली वीस पानं छापून द्यावीत : ताळेबंद, नफा-तोटा, रोख प्रवाह आणि निवडक टिपा. टिपांमध्ये संबंधित पक्षांना दिलेलं एखादं कर्ज असावं, न्यायप्रविष्ट करमागणी असावी, सहा महिन्यांहून जुनी येणी असावीत. पाऊण तास वाचायला द्यावा. मग तेच पाच प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. या कंपनीचं मूल्य काढण्यापूर्वी व्यवस्थापनाला कोणते तीन प्रश्न विचाराल? नफा दिसतोय, रोख का दिसत नाही? तुलनेसाठी सोबत दिलेल्या सहा कंपन्यांतल्या कोणत्या दोन काढून टाकाल आणि का? सोबत हिशेबाची एक शीटही द्यावी आणि चाचणीसाठी म्हणून तिच्यात एक चूक ठेवलेली असावी. ती सापडते का ते पाहावं, आणि सापडल्यावर उमेदवार ती कशी सांगतो तेही पाहावं. शेवटी, तुमच्या उत्तरातला सर्वांत कच्चा भाग कोणता, असं विचारावं.

साधा प्रश्न किती मोलाचा असतो, याचं उदाहरण म्हणजे सत्यम ही आयटी कंपनी. तिच्या पुस्तकांत सप्टेंबर २००८ अखेर ५,३६१ कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक दिसत होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, हे ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतः पत्र लिहून सांगितलं, तेव्हा कळलं. ते शोधणं लेखापरीक्षकांचं काम होतं, मूल्यांकनकाराचं नव्हे, असं म्हणता येईल. पण एवढी रोख बाळगून ही कंपनी तिचं करते काय, हा प्रश्न कोणत्याही अॅनालिस्टने विचारायला हवा असा आहे. असे प्रश्न विचारण्याची खोड ज्याला आहे, तो पाऊण तासाच्या वाचनात दिसून येतो. तोंडी प्रश्नांच्या माऱ्यात तो दिसत नाही.

गुण देण्याची पद्धतही आधी ठरवावी. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांनी १९५५च्या सुमारास, वयाच्या विशीत, इस्रायली सैन्याच्या भरतीसाठी जी पद्धत बसवली तिचं सूत्र सोपं होतं : सहा गुणविशेष ठरवा, प्रत्येकाबद्दल वस्तुस्थितीचे प्रश्न विचारा, एकेकाला वेगळे गुण देऊन मगच पुढे जा, एकंदर मत शेवटी. मुलाखत घेणारे तेव्हा रागावले होते, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. पण सैन्याने ती पद्धत पुढची कित्येक दशकं चालू ठेवली. मूल्यांकनाच्या फर्मला सहा गुणविशेष शोधायला लांब जावं लागणार नाही : आकडे ताडून पाहणं, टिपा वाचणं, गृहीतक ओळखणं, प्रश्न विचारणं, साधं लिहिणं, चूक कबूल करणं. पॅनेलवरच्या प्रत्येकाने आपले गुण आपापल्या कागदावर आधी लिहावेत आणि मगच एकमेकांशी बोलावं. नाहीतर पार्टनर पहिला बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

आणि ज्यांना घेतलं नाही, त्यांना कळवावं. आज बहुतेकांना साधा नकारही मिळत नाही. तीन आठवडे मुलं मेल उघडून पाहत राहतात, घरच्यांना काय सांगावं ते सुचत नाही. चूक सापडली नाही, टिपा वाचल्या नाहीत, इंग्रजी लेखन सुधारायला हवं, असं दोन ओळींत सांगितलं, तर मुलाला पुढच्या वेळी काय करायचं ते समजेल. गुणांचे कागद हाताशी असतील, तर ही मेल लिहायला पाच मिनिटं पुरतात. आज ती जात नाही, कारण त्या मुलाला का नाकारलं हे कोणी कुठे लिहूनच ठेवलेलं नसतं.